एका गावाला एक सवाल

"हे अक्षर हाये का मुंग्यायची वरात? कोनाच्या बापानं लिवलं असन हे…"

मी दाराआड उभी होते. माझ्यात आणि त्या पुटपुटणाऱ्या पाठीत जेमतेम हातभर अंतर.

"माझ्या," मी म्हणाले.

ओसरीवरची पाठ दचकली. मग घाईघाईनं कागद गुंडाळल्याचा आवाज, आणि चपला चाचपणाऱ्या पायांचा. पळून जायचा बेत असावा. पण आमच्या विमलआत्यानं त्याच्या चपला उन्हातून सावलीत सरकवून ठेवल्या होत्या, त्यामुळे त्या काही मिळेनात. तेवढ्यात मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले.

उंच, सावळा, कानाच्या पाळ्या लाजेनं लाल झालेल्या. त्यानं पाणी घेतलं, तांब्या परत दिला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "अक्षर… तसं वळनदार हाये."

हा उद्धव. तलमडुगूच्या कुळकर्ण्यांचा, आदिलाबादच्या कचेरीत कारकून. साल छप्पन्न, महिना ऑक्टोबर. एक नोव्हेंबरपासून किनवट तालुका मुंबई राज्यात जाणार होता आणि आम्ही आदिलाबादचे आंध्रात. माणसं आपापल्या अंगणातच बसलेली राहणार होती; राज्यं तेवढी त्यांच्याखालून सरकणार होती.

माणसांचं सोपं होतं. अवघड होतं कागदांचं. निजामाच्या वेळचे जमिनीचे सगळे कागद उर्दूत, आणि तेही शिकस्त्यात. शिकस्ता म्हणजे धावतं कचेरी अक्षर. त्यात एक अक्षर दुसऱ्याच्या अंगावर रेलतं आणि नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. उद्धवला शाळेतली छापील उर्दू यायची, पण शिकस्ता नाही. जाणाऱ्या बावीस गावांची मराठीत यादी करून द्यायची होती, म्हणून साहेबांनी त्याला आमच्याकडं पाठवलं. त्यातले निम्मे कागद नानांच्याच हातचे. माझे वडील अनंतराव तीस वर्षं कचेरीत पेशकार होते, साहेबांपुढचे कागद लिहिणारे-वाचणारे.

आता आमच्या घरातली वाचायची रीत सांगते.

नाना लोडाला टेकून बसायचे आणि कागद हातात धरायचे. मी त्यांच्या खांद्यामागं सुपारी कातरत बसायची. मी हळू आवाजात ओळ वाचायची, नाना तीच ओळ खणखणीत आवाजात म्हणायचे. समोरचा माणूस लिहून घ्यायचा. "घसा बसलाय नानांचा, म्हणून मी आपली आठवण देते," असं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकायची. बसलेला घसा इतका खणखणीत कसा, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तालुक्यातली माणसं आपले जुने कागद घेऊन यायची, सगळं बघायची आणि जाताना म्हणायची, "नानासारखी नजर नाई बाप्पा कोनाची."

तिसऱ्या दिवशी उद्धवनं फडक्यात बांधलेल्या बस्त्यातून कागद काढून दिला आणि नानांनी तो उलटा धरला. मी मागं… हात पुढं केला तर दिसणार, नाही केला तर नाना उलट्या कागदावरून वाचणार.

"नाना, जरा देता का?" उद्धव म्हणाला. "माझा शाईचा अंगठा लागला वाटते त्याले." कागद घेतला, बाहीनं कोपरा पुसल्यासारखं केलं आणि सुलटा करून परत नानांच्या हातात ठेवला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्या घडीला तो मला आवडला. त्याआधी नुसता बरा दिसत होता.

पण बोलणं म्हणाल तर, बोलणं कसलं! तो यायचा दुपारी चारला. यायचा आणि विचारायचा, "जेवन झालं?"

"झालं. तुमचं?"

"झालं."

"ऊन कमी झालं."

"हो. कमी झालं."

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी नाना हातपाय धुवायला परसात गेले; आत्या त्यांच्या पुढं पुढं "पायरी मोडलीय हो, सांभाळून" म्हणत. चार वर्षं ती पायरी मोडलेलीच होती. ओसरीवर आम्ही दोघंच. उद्धव टाकाच्या टोकाशी खेळत होता.

"कचेरीत तेलुगू शिकून राह्यलो," तो म्हणाला. "पैलं वाक्य काय शिकवलं सांगू? भोजनं अयिंदा? म्हंजे जेवन झालं का. आधीचे साहेब विचारत, खाना हुआ? आपन विचारतो, जेवले का? तीन भाषा झाल्या विनोदिनीबाई, पन सवाल एकच. आन् उत्तर कोनी ऐकत नाई."

मला हसू आलं. "मग वेगळं विचारावं माणसानं."

"विचारू?"

"आधी काय विचारणार ते सांगा."

"असं नाई. कायदा करू." तो चक्क सरसावून बसला. "एक गाव संपलं का एक सवाल. एक दिवस मी विचारनार, एक दिवस तुमी. उत्तर खरं द्याचं."

"आणि खरं द्यायचं नसेल तर?"

"तर… पुढचं गाव घ्या म्हनाचं."

पहिला सवाल माझा. मी बरेच दिवस तयार ठेवल्यासारखा विचारला, आणि विचारल्यावर वाटलं, फार झालं. "रझाकारांच्या धामधुमीत तुम्ही कुठं होता?"

बाहेर जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्या करकरत होत्या. कापसाचे तंतू उडत ओसरीपर्यंत येत होते.

"सतरा वर्साचा होतो," तो म्हणाला. "माय, मी आन् धाकटी बहीन. रातोरात गाडी जुपून यवतमाळकडं निघालो. गोठ्यात वासरू बांधलेलं होतं. सोडाचं माझ्याकडं होतं… मी इसरलो. शिवेवर आल्यावर ध्यानात आलं. माय म्हने, चाल, वापस नाई जाता येत." त्यानं टाक खाली ठेवला. "मानसं मेले त्या सालात. आन् मले वासराचंच आठवते. कोनाले सांगितलं नाई. हसतीन."

मी हसले नाही. कापसाचा एक पुंजका त्याच्या कानामागं अडकला होता, तो मी दोन बोटांनी काढला. मग दोघंही एकदम यादीत डोकं घालून बसलो, जणू त्या गावाची चतुःसीमा फारच महत्त्वाची होती.

दुसऱ्या दिवशी त्याची पाळी. "तुमाले उर्दू कोनं शिकवली?"

"कुणी नाही. नाना अण्णाला शिकवायचे, माझ्या भावाला. तो कंटाळून हैदराबादला पळाला, तिकडंच नोकरीला लागला. मी रोज शेजारी तांदूळ निवडत बसायची. अण्णा गेला आणि धडे माझ्याकडं राहिले."

"नानाले माईत होतं?"

"एकदा ते एका अक्षरापाशी अडले. मी तांदळातूनच सांगितलं. त्यांनी मान वर केली, म्हणाले, कोण बोललं? म्हटलं, मी. त्यानंतर…" मी थांबले.

"त्यानंतर?"

"एका गावाला एकच सवाल आहे."

असं आमचं चाललं. तो भित्रा आहे का, मला राग कशाचा येतो, त्याला आईची कोणती गोष्ट आवडत नाही, मी एकटी असते तेव्हा काय करते. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बघायला आलेल्या दोन घरांनी विचारलं होतं ते स्वयंपाक येतो का आणि उंची किती.

आत्याच्या कानावर सगळं जात होतं. तिच्या स्वयंपाकघराला भिंत होती, पण आत्याला भिंतींचं काही वाटायचं नाही. एकदा भाजणी भाजता भाजता म्हणाली, "त्या मुलाचं गोत्र वेगळं आहे हो आपल्याहून."

"मग?"

"मग काही नाही. मी आपलं सहज विचारलं त्याला."

अठराव्या गावाला त्यानं विचारलं. खाली बघत, अगदी हळू. "नानाले दिसते का?"

माझ्या हातातला अडकित्ता थांबला. हा सवाल आमच्या घरात कधी झालेला नव्हता. हैदराबादचा डॉक्टर जे बोलला ते तिथंच ठेवून आम्ही परत आलो होतो. आत्या पायरी मोडलीय म्हणायची, मी घसा बसलाय म्हणायची, आणि नाना म्हणायचे, चष्म्याची काच खराब निघाली. त्यांना दिसत नाही असं एकदा बोललं गेलं तर लोक कागद आणायचे बंद होतील, आणि नानांना त्या कागदांपलीकडं काय उरलं होतं? आणि मी सासरी गेले, तर दुसऱ्याच दिवशी अख्ख्या गावाला कळेल.

"पुढचं गाव घ्या," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. कायदा म्हणजे कायदा.

बाविसावं गाव सव्वीस तारखेला संपलं. त्याची आई किनवटला त्याच्या बहिणीकडं होती. तिथं बदली घ्यायचा त्याचा अर्ज कधीच गेला होता. कागदांबरोबर तोही तीस तारखेला जाणार. मी यादीवर शेवटची नजर फिरवली, आणि आता हा उद्या चारला येणार नाही, हे मला नीट समजलं.

तो सत्तावीसला चारला आला. बगलेत बस्ता.

"एक राहूनच गेलं होतं," म्हणाला.

मी कागद उघडला. वर लिहिलं होतं, बेला सर्कल. बेला तर आदिलाबादेतच राहणार होतं! किनवट तालुका तेवढं सर्कल, तेवढा गावांचा गट, सोडून जाणार, हे पोरंसोरंसुद्धा जाणत होती. मी उद्धवकडं बघितलं. तो दौतीकडं बघत होता. कानाच्या पाळ्या लाल.

मी सर्कलचं नाव गाळलं आणि पुढचं वाचलं. नानांनी खणखणीत आवाजात म्हटलं. उद्धवनं मन लावून लिहून घेतलं. त्या दिवशी त्यानं दोन गावं आणली होती. दुसऱ्या दिवशी आणखी एक. ज्या गावांत नाना तीस वर्षं घोड्यावरून हिंडले, ती त्यांना ओळखू आली नाहीत… वय झालंय, असं मी मनाला समजावलं.

एकोणतीस तारीख. दिवाळी तोंडावर, आत्याच्या चकल्या कढईत. उद्धव आला, बस्ता उघडला.

मी वाचलं, "पूर्वेस नाला, पश्चिमेस मारुतीचं देऊळ…"

नाना काही बोलले नाहीत.

"पूर्वेस नाला," मी जरा मोठ्यानं.

"ऐकू आलं." नानांनी कागद मांडीवर ठेवला. "उद्धवराव, हे गाव बेला सर्कलातलं. बेला कुठं जाऊन राह्यलं?"

"कुठंच नाई नाना. चुकून आला बस्ता."

"चौथ्यांदा?"

स्वयंपाकघरात आत्या खोकली. ते खोकणं नव्हतं, हसू दाबणं होतं.

"परवाची दोन, कालचं एक आणि हे," नाना म्हणाले. "मी म्हटलं, पोरं कधी बोलतील ते बघू. उद्या तर निघालात तुम्ही. मग चतुःसीमाच वाचणार आहात का?"

उद्धव उभा राहिला. पुन्हा बसला. मग नानांकडं नाही, सरळ माझ्याकडं बघून म्हणाला, "आज सवाल माझा हाये. येता का किनवटले? म्हंजे… माझ्यासंगं. लगन करून."

वेलांट्या नाहीत, उकार नाहीत. नानांच्या शिकस्त्यासारखंच, एकात एक घुसलेलं. पण मला लख्ख वाचता आलं.

"यायचं आहे," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी. "मला यायचं आहे… पण येता येत नाही."

"काऊन?" हे नानांनी विचारलं.

मी सुपारीचं तबक उगाच सरकवलं. आत्या झारा हातात घेऊन दारात आलेली. कढईतल्या चकल्या तेवढ्या चुरचुरत होत्या, आणि वास सांगत होता की त्या आता काढायला हव्यात.

"घसा बसतो ना तुमचा," मी कशीबशी म्हणाले. "आठवण द्यायला कुणीतरी…"

"विनू."

"आणि ती पायरी मोडलेली आहे, दादा," आत्या म्हणाली. तिला रडू येत होतं.

"पायरी." नाना थोडं हसले. चष्मा काढून त्यांनी बाजूला ठेवला; खरं म्हणजे जमिनीवर ठेवायचा तो सुपारीच्या तबकात ठेवला. मग ताठ बसले, कचेरीत बसायचे तसे.

"उद्धवराव, टाक घ्या. कोरा कागद आहे?"

"हाये."

"लिहा. लिहून देणार अनंतराव, वय बासष्ट, राहणार आदिलाबाद, माजी पेशकार. झालं?"

"झालं."

"लिहून देतो की, माझी मुलगी विनोदिनी हिचं लग्न करून देऊन तिला किनवटला पाठवण्यास माझी हरकत नाही. तिची स्वतःची मर्जी आहे, ती तिनं आत्ता चार माणसांत सांगितली."

टाक कुरकुरत होता. माझे डोळे भरून आले होते. त्या वेळी उलट्या-सुलट्या कुठल्याच कागदावरचं मला वाचता आलं नसतं.

"आजवर ती घरी अडकून राहिली. दोन स्थळं तिनं उंचीवरून मोडली असं आम्ही लोकांत सांगितलं. ते खरं नाही. ती माझ्यासाठी थांबली, आणि मी तिला थांबू दिलं. कारण…"

नाना थांबले. उद्धवही टाक धरून थांबला. त्यानं मान वर केली नाही, घाई केली नाही. शाईचा एक थेंब कागदावर पडला, तो त्यानं पडू दिला.

"कारण," नाना खणखणीत आवाजात म्हणाले, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जावं असं, "मला दिसत नाही."