बारावं पत्र

चाळीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेली बाई मी. आकडा जुळला नाही की मला चैन पडत नाही.

अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधल्या घराघरांत पडून राहिलेली मराठी पुस्तकं आम्ही निवृत्त मंडळी माझ्या गॅरेजमध्ये गोळा करतो आणि महाराष्ट्रातल्या बोरदरी गावच्या ग्रंथालयाला पाठवतो. तिथली मुलं ती वाचतात, काय आवडलं ते पत्रात लिहितात. ग्रंथालय सांभाळणारे प्रसन्न सर पत्रांचे फोटो मला फोनवर पाठवतात. दर महिन्याला बारा. नियम एकच: प्रत्येक पत्राला इथल्या मुलाने उत्तर द्यायचं.

इथली मुलं कुठली लिहायला! माझ्या नऊ वर्षांच्या नातीला, रुहीला, धड 'क' काढता येत नाही. तिने मराठी वाचावं म्हणून मी जंग जंग पछाडलं. शेवटी हात टेकले आणि तिच्या नावाने उत्तरं मीच लिहू लागले. खोटंच ते, पण तिकडची मुलं हरखून जायची. नीलांबरी नावाच्या मुलीला तर मी लिहिलं, "आमच्या गॅरेजमध्ये खोकी भरून पुस्तकं आहेत. ये की वाचायला. तुझी, रुही."

पुढच्या महिन्यात नीलांबरीने आंधळ्या मोराच्या गोष्टीबद्दल लिहिलं. छान लिहिलं होतं.

ते पुस्तक अजून गॅरेजमध्येच होतं, टेप लावलेल्या खोक्यात. टेप कापून बघितलं. मोराच्या पानावर लाल मातीचं बोट उमटलं होतं.

मी सरांना फोन लावला.

"नीलांबरी कोण, ताई? आमच्याकडे वाचणारी मुलं अकराच."

"मग बारावं पत्र?"

"मी अकराच पाठवतो, ताई."

मी उत्तरं लिहिणं बंद केलं. पण शनिवारी सकाळी तिचं पत्र आलंच. एकच ओळ होती.

"रुही, मी आलेय. तू माझ्या जागेवर बस."

शनिवारी रुही माझ्याकडे असते, गॅरेजमध्ये खेळत. मी तशीच धावले.

ती खोक्यावर बसून वाचत होती. मोठ्याने, न अडखळता. मराठी.

"रुही? कधी शिकलीस गं?"

"येतं मला, आजी."

एरवी ती इंग्रजीतच उत्तर देते. किती वर्षं हा आवाज ऐकायची आस होती मला! डोळे भरून आले.

मग ओळीखालून सरकणारं तिचं बोट दिसलं. लाल मातीने माखलेलं.

फोन वाजला. प्रसन्न सरांचा मेसेज होता.

"ताई, एक पत्र राहिलं होतं. आता बारा झाली. नवीन मुलगी आलीय. तिला मराठी येत नाही, नुसती रडते."

खाली फोटो होता. पत्र इंग्रजीत होतं, अक्षर रुहीचं.

आजी, मला घरी ने.

"आजी," खोक्यावरून आवाज आला, "या पत्राला उत्तर मी लिहू?"