नऊ फूट सहा इंच

लाटेवर उभं राहायला मी त्रेपन्नाव्या वर्षी शिकलो, २००६ साली, आमच्या भाट्याच्या किनाऱ्यावर. त्याआधी मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. पोहायला येत होतं, पण विहिरीपुरतं. समुद्रात गुडघाभर पाण्यापुढे कधी गेलो नव्हतो.

पद्मजाला, माझ्या बायकोला, मात्र आत जायचं असायचं. दर सुट्टीला म्हणायची, "जरा पुढे जाऊया की हो." मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी."

वैशाखात ती गेली. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. आमच्या मुलाने, सलिलने, सगळी वचनं देऊन पाहिली. बाबांना सांभाळीन, आंब्याची कलमं विकणार नाही. ऊन चढलं. शेवटी मी मनातल्या मनात म्हटलं, तुला समुद्रात नेईन. माडावरचा कावळा लगेच खाली आला.

गोव्यात लाटांवर उभं राहायच्या फळ्या मिळतात असं सलिलकडून कळलं होतं. पाऊस सरल्यावर एसटीने गेलो. दुकानदाराने वय विचारलं, वजन विचारलं. मी बासष्ट किलो.

"मग आठ फुटी घ्या, काका. छोट्या फळ्या पोरांच्या. आपल्या वयाला लांब आणि जाड बरी, उठायला वेळ मिळतो."

पंधरा दिवस तोंडावर पडलो. मग एका सकाळी उभा राहिलो. पायाखाली समुद्र सरकत होता, समोर सुरूचं बन जवळ येत होतं, आणि मी मोठ्याने हसलो. वैशाखानंतर पहिल्यांदाच. पाण्यातून बाहेर आलो तेव्हा भूक लागलेली होती.

कार्तिकात फळी जड झाली.

पहिल्यांदा धोंडूच्या लक्षात आलं. तो किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करतो. "हरभाऊ, फलीत पानी शिरलाय की काय? लय खाली बसते." त्याने फळी उलटी केली, ठोकून पाहिली, कानाला लावली. फळी कोरडी होती. मी आत गेलो की मात्र मागचं टोक बुडायचं. पुढे सरकून झोपलो तरी बुडायचं. पाय घसरू नये म्हणून फळीला लावलेलं मेण माझ्या पायाखाली झिजायचं, तसं माझ्या मागे हातभर अंतरावरही झिजायला लागलं.

मी पुन्हा गोव्याला गेलो. फळी किती बुडते ते हाताने दाखवलं. दुकानदाराने कागदावर आकडेमोड केली.

"एकशेवीस किलो होतात. दोघं बसता काय, काका?"

आजारपणाच्या आधी पद्मजा अठ्ठावन्न किलो होती.

नऊ फूट सहा इंचांची फळी घेतली. ती छान तरंगली. दोघांना पुरली, असं माझ्या मनात आलं आणि मला बरं वाटलं, हे कबूल करतो. आठवडाभर मी तिला रोज नेलं. पण रोज लाट किनाऱ्याला लागली की मागचं ओझं उतरायचं नाही. फळी डोक्यावर घेऊन घरी यायचो तेव्हा मान मोडायची. धोंडू म्हणाला, "हरभाऊ, तुमी बारीक होत चाललाव. आरशात बगा जरा."

तेव्हा ध्यानात आलं. नेईन म्हटलं होतं, तेवढंच. कुठे सोडीन, ते बोललोच नव्हतो. तिला तिच्या जागी पोचवायला हवं होतं, नाहीतर तिलाही सुटका नाही आणि मलाही नाही.

फळी निसटू नये म्हणून पायाला दोरी असते. तिचा पट्टा तुटला होता. धोंडूने दहा हात नायलॉनची दोरी दिली. एक टोक फळीला बांधलं, दुसरं घोट्याला, ओढली की सुटेल अशा सुरगाठीने. पद्मजाची गाठ निराळी. ती पिशवीचं तोंड दोन वेढे देऊन, टोक आत खुपसून बांधायची. ती गाठ कुणाला सुटायची नाही, विळी घ्यावी लागायची. आमसुलांची एक पिशवी अजून तशीच स्वयंपाकघरात आहे.

सकाळी आठला निघालो. खाडीच्या मुखाच्याही पुढे गेलो, किल्ल्याचा दीपस्तंभ मागे पडेपर्यंत. पाणी काळं आणि गुळगुळीत होतं. पाठीवर गार वाटत होतं.

मी म्हटलं, "पद्मजा, आलो बघ. उतर आता."

बराच वेळ काही झालं नाही.

मग फळीचं मागचं टोक वर आलं. हलकेच.

परतताना आयुष्यातली सर्वांत चांगली लाट मिळाली. थेट वाळूपर्यंत. मी रडत होतो की हसत होतो, माहीत नाही.

ओल्या वाळूवर बसलो. घोट्याची दोरी ओढली. सुटली नाही.

खाली पाहिलं. दोन वेढे होते. टोक आत खुपसलेलं होतं.

फळी बाजूला मोकळी पडली होती. दोरी तिच्याकडे जात नव्हती. ती पाण्यात जात होती, फेसाखालून, दहा हातांच्याही पलीकडे, ताठ.

धोंडू कोयती घेऊन आला. त्याने दोरीकडे पाहिलं, मग समुद्राकडे.

"कापू काय, हरभाऊ?"

ओहोटी होती, पाणी मागे हटत होतं.

तरी दोरी हळूहळू सैल होत होती, पलीकडचं टोक किनाऱ्याकडे येत असल्यासारखी.