चंद्रावरचा फेस

आजोबांच्या गालावरचा फेस अर्धी दाढी व्हायच्या आत का बसतो, हे कोडं आमच्या घरात दुसऱ्या कुणाला पडलंच नव्हतं. मला पडलं, कारण रोज सकाळी पडवीतल्या आरशासमोर आजोबा दाढी करायचे तेव्हा मी शेजारी उभी राहून दात घासायची. साबण तोच, ब्रश तोच, हातही तोच. पण उजवा गाल करून डाव्या गालाकडे वळेपर्यंत फेसाचं नुसतं पाणी झालेलं असे. आजोबा ते पाणी पुसत आणि माझ्याकडे न बघताच म्हणत, "वर असं नव्हतं, केतकी."

वर म्हणजे चंद्रावर. माझे आजोबा, डॉ. वासुदेव परुळेकर, चंद्रावरच्या वसाहतीत बावीस वर्षं पालक आणि मुळे पिकवत होते. दिवाळीत ते वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावी परत आले. कायमचे, असं आम्ही धरून चाललो होतो. मग पौष महिन्यात वसाहतीचं पत्र आलं : आणखी पाच वर्षं येता का? होळीपर्यंत कळवा. आजोबांनी ते पत्र दाढीच्या डब्याखाली सारून ठेवलं. नको म्हणाले नाहीत. मला फार वाईट वाटलं. बाराव्या वर्षी मला पहिल्यांदा आजोबा मिळाले होते आणि ते इतक्यात परत जायला बघत होते.

"वर काय होतं एवढं?" मी एकदा जरा फुरंगटूनच विचारलं.

"वर मी फेस लावून खिडकीत बसायचो," ते म्हणाले. "समोर काळं आभाळ, त्यात निळी पृथ्वी. अर्धा अर्धा तास फेस जागचा हलायचा नाही. त्या वेळात कुणी कुणाला हाक मारायचं नाही. तेवढाच वेळ आपण आपल्यापाशी असायचो."

"मग तो साबण खूप उंची असेल."

आजोबा हसले. "छे गं, वसाहतीत वाटायचे तो. कपडेही त्यानंच धुवायचो. हा काय, तोच तर घेऊन आलोय."

आता मात्र माझं डोकं चक्रावलं. साधा साबण वर राजा आणि खाली भिकारी?

आजोबांनी ब्रशातला एक मोठा बुडबुडा आरशावर टेकवला. "नीट बघ. बुडबुड्याची भिंत पाण्याची असते. त्या पाण्याला दोन्हीकडून साबणाच्या रेणूंनी (रेणू म्हणजे पदार्थाचा अगदी बारीक कण) धरून ठेवलेलं असतं. रेणूचं डोकं पाण्यात, शेपटी बाहेर हवेत. आता या पाण्याला खाली कोण ओढतं?"

"गुरुत्वाकर्षण."

"हां. पाणी ओघळतं, भिंत वरून पातळ होत जाते आणि शेवटी फुटते. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढी. तिथं तेच पाणी कितीतरी सावकाश ओघळतं." बोलता बोलता बुडबुडा फुटला. "दाढीचा केस पाणी प्यायला की मऊ होतो. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर फेसानं पाणी धरून ठेवायला हवं. चंद्रावर ते आपोआप होतं. इथं त्यासाठी खपावं लागतं, म्हणून इथं ती चैन."

"म्हणजे इथंही होऊ शकतं?"

"होऊ शकतं," आजोबा म्हणाले आणि आत गेले. त्यांनी ते सहज म्हटलं होतं. मी मात्र ते धरून बसले.

पहिल्यांदा मी बाबांना सोनेरी डबीतला एक साबण आणायला लावला. चंदनाच्या वासानं अख्खी पडवी भरली, पण फेस तसाच बसला. सगळी चैन डबीतच संपली होती. मग घरीच साबण करायचं ठरवून मी गोटूला कामाला लावलं. गोटू हा आमचा घरकामाचा यंत्रमानव. आधी तो एका शाळेच्या प्रयोगशाळेत होता, त्यामुळे त्याला रसायनशास्त्र येतं आणि ते येत असल्याचा तोराही आहे. साबणाला लागणारा दाहक क्षार (हातावर पडला तर कातडी भाजते) फक्त त्यानं हाताळायचा, असं आईनं बजावलं.

नुसत्या खोबरेल तेलाच्या साबणाला फेस भरपूर आला, पण बुडबुडे बोराएवढे आणि पटापट फुटणारे. गोटू म्हणाला, "भिंती ताठ हव्यात. त्यासाठी स्टिअरिक आम्ल (घट्ट तुपा-मेणांत असणारं एक आम्ल) लागतं. या गावात ते कोकमाच्या बियांमध्ये भरपूर असतं."

म्हणजे मुठेल. कोकमाच्या बिया उकळून जे तूप वर येतं, त्याचे मुठीत वळून गोळे करतात आणि थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात. ते आमच्या शेजारच्या सत्यभामाकाकींकडे हमखास असतात.

"तुका कित्याक होया गो मुठेल? टाचो फुटल्यो?" काकींनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी फळीवरचे सगळे गोळे काढून माझ्या ओच्यात टाकले. "घे. पन त्येंका परत धाडू नको."

दुसरा साबण पांढराशुभ्र झाला. फेस बारीक आला, तरीही तो मिनिटभरात कोरडा पडून भुरभुरला. मी रडकुंडीला आले. गोटू मात्र खुशीत होता.

"शंभर टक्के शुद्ध," तो म्हणाला. "मिठाच्या पाण्यानं मी सगळी अशुद्धी वेगळी काढली."

"कसली अशुद्धी?"

त्यानं बरणी दाखवली. तळाशी पाकासारखं काहीतरी होतं. "ग्लिसरीन (तेलाचा साबण होताना सुटणारा गोडसर, दाट द्रव). पाणी धरून ठेवणं एवढाच याचा उद्योग."

मी गोटूकडे बघतच राहिले. आम्हाला जे हवं होतं तेच त्यानं केर समजून बाजूला काढलं होतं. साबणाच्या मोठ्या कारखान्यांतही ते पुष्कळदा काढून दुसरीकडे वापरतात, असं नंतर कळलं.

तिसऱ्या खेपेला आम्ही काहीच काढलं नाही. मुठेल, थोडं खोबरेल, साबण मऊ राहावा म्हणून पोटॅशचा क्षार, आणि आपोआप सुटलेलं ग्लिसरीन जिथल्या तिथं. मग साबण मुरायला ठेवला. जास्तीचं पाणी उडायला आणि उरलासुरला क्षार शांत व्हायला वेळ लागतो. गोटूनं चाळीस दिवस सांगितले. होळीला एक्केचाळीस उरले होते. मी रोज शाळेतून आले की फडकं वर करून बघायची. या वेळी फसलं असतं तर पुन्हा करायला वेळच नव्हता.

होळीच्या दिवशी सकाळी मी साबण आजोबांसमोर ठेवला. त्यांनी ब्रश फिरवला. फेस दह्यासारखा घट्ट चढला. दोन्ही गाल झाकले. आजोबांनी वस्तरा उचलला, परत खाली ठेवला आणि पडवीच्या पायरीवर जाऊन बसले. समोर काजूला मोहोर आला होता. मी दात घासले, दूध प्यायले, येऊन बघितलं. फेस जागच्या जागी होता आणि आजोबा डोळे मिटून बसले होते.

"मुरायला किती दिवस ठेवलास?" त्यांनी विचारलं.

"चाळीस. आणि आधी दोनदा फसला."

त्यांनी गालावरचा फेस बोटानं चाचपून बघितला. मग म्हणाले, "वर फेस फुकट टिकायचा, केतकी. त्यामुळे तो माझ्यासाठी कुणी केला नव्हता."

दाढी झाल्यावर त्यांनी पत्र काढलं आणि माझ्यासमोरच उत्तर लिहिलं. येणार नाही, एवढंच लिहून थांबतील असं मला वाटलं होतं. पण खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. गणपतीनंतर वसाहतीतले अकरा जण खाली येणार आहेत, त्यांच्या उतरण्याची तारीख कळवा.

"त्यांनाही इथं सगळं जड वाटेल," आजोबा म्हणाले. "सुरुवातीला फार वाटतं. कुणीतरी भेटायला जायला हवं. काकींना विचारून ये, कोकमं पिकली की साबणासाठी बिया राखून ठेवतील का?"

मी निघाले, तर ते चपला घालत मागून आलेच.