डिस्कचा मागचा भाग

कुपवाडच्या कारखान्यांतले जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. माझ्या घरचाही जुनाच. माझ्या बायकोनं, अख्तरबीनं, मुलीच्या हळदीतली आपली गाणी त्यात भरून ठेवली होती. तिचा आवाज तेवढाच उरला आहे. तिला जाऊन पाच महिने झाले.

गेल्या वर्षी मी त्याच डिस्कवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकली. जागा करायला तिचं विंडोज मागं सरकवलं. त्या मशीनच्या बायोसला, म्हणजे बटण दाबल्यावर आधी जागा होणाऱ्या प्रोग्रामला, डिस्कचा पुढचा भागच दिसतो, त्यामुळं तिचं सुरूच होईना. ती अंथरुणावरनं म्हणायची, "आवं, माझं चालू करून द्या की."

मी उद्या म्हणायचो. तिच्या पायाच्या जखमेचा वास मला सोसत नव्हता. खोलीत जायचं तर नाकाला रुमाल बांधून जायचो.

परवा रविवारी सकाळी काम काढलं. डिस्कच्या अगदी पुढं एक छोटा कप्पा केला. सुरू व्हायला लागणाऱ्या फायली त्यात ठेवल्या. बायोसनं तेवढ्या उचलायच्या. मागचं त्या फायली स्वतः वाचतात.

मग धूळ काढायला कॅबिनेट उघडलं. पंख्याला केस गुंडाळले होते. लांब, तेलकट, मेंदीनं तांबडे. बायका विंचरून टाकतात तसलं गुंतवळ. चिमट्यानं ओढलं तर ओलं निघालं, आणि मागोमाग तो जखमेचा वास. 

रुमाना, माझी मुलगी, दारातनं म्हणाली, "अब्बा, उंदीर मेला असंल आत."

"उंदराला मेंदी कुणी लावली मग?"

ती आत आली. गुंतवळ मी कागदावर ठेवलं, रुमाल बांधला आणि बटण दाबलं.

मेनू आला. तिचं विंडोज उघडलं.

गाणं लावलं. हळदीचंच, मागं बायकांच्या टाळ्या. दुसऱ्या कडव्यात टाळ्या थांबल्या.

"आवं," अख्तरबी म्हणाली. "आता तरी रुमाल सोडा."

रुमानानं माझ्याकडं बघितलं. तिलाही ऐकू आलं होतं.

मी रुमाल सोडला. वास तसाच होता. पुन्हा बांधला नाही.

संध्याकाळी गुंतवळ पुरायला परसात नेलं. उजेडात नीट दिसलं. अख्तरबी गेली त्याच्या आदल्या दिवशी रुमानानं तिला मेंदी लावली होती, पार मुळापर्यंत.

या केसांना मुळाशी चार बोटं पांढरी वाढ होती, पाच महिन्यांची.