रेऊचं जावळ

“इकडं यायचा नाय म्हंजे नाय. पेपर टाकून आलीस तर उंबऱ्याच्या आत घेनार नाय, आत्ताच सांगून ठेवते.”

फोनमधला सासूबाईंचा आवाज विरारच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये घुमला आणि एकाएकी तुटला. क्षितिजाच्या मांडीवर पिवळं झबलं होतं, एका बाहीला टीप घालायची राहिलेलं. सुई तशीच बोटात धरून ती बसून राहिली.

“ठेवला?” स्वयंपाकघराच्या दारातून मम्मीने, म्हणजे जयवंतीबाईंनी विचारलं.

“ठेवला.”

“पोटच्या पोरीचं जावळ, आणि आईने जायचं नाही? ही कसली बाई आहे गं...”

तीन महिने झाले होते क्षितिजाला इथे माहेरी येऊन. सीए फायनलचा एकच ग्रुप राहिला होता. लग्नाआधी पहिला ग्रुप सुटला तेव्हा तिला वाटलं होतं, दुसरा काय, वर्षभरात सुटेल. पण मग जूचंद्रला भूपेशच्या घरी लग्न होऊन गेली, मग रेऊ आली, आणि रेऊला अंगावर घेऊन, एका हाताने पान उलटत दिलेली मागची परीक्षा थोडक्यात गेली. त्याआधीच्या एका खेपेत एका विषयात चांगले गुण पडले होते, त्याची सूट तेवढी हाती होती. उरलेले दोन पेपर दिले की झालं. पण ती सूट या खेपेपर्यंतच होती. ही खेप हुकली की सगळा ग्रुप पुन्हा पहिल्यापासून... आणि पुन्हा पहिल्यापासून बसायचं बळ आता आपल्यात नाही, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

तो निकाल लागला त्या दिवशी सासूबाई, पुतळाबाई, अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या होत्या, “पोर माज्याकडं ठेव. तू आयशीकडं जा नि अभ्यास कर. इथं ऱ्हायलीस तर ना धड पोर, ना धड पेपर.”

त्या बोलण्यात माया होती की हुसकावून लावणं होतं, हे क्षितिजाला त्या दिवशीही कळलं नाही. ती गेली. दूध आटवायला मम्मीने सांगितलेले उपाय केले. ऊर दगडासारखा व्हायचा आणि शेजारच्या ब्लॉकमधलं कुणाचं तरी बाळ रडलं की जीएसटीच्या कलमांवर दुधाचे दोन थेंब पडायचे. दर रविवारी ती जूचंद्रला जायची. रेऊ तिच्या कुशीत शिरायची, आणि झोप येऊ लागली की दोन बोटांत तिच्या कानाची पाळी धरायची, जन्मापासूनची सवय. पाळी हातात असली की डोळे मिटायचे. मग एप्रिलमध्ये एक दिवस सासूबाईंनी तेही बंद केलं.

“तू येऊन जातेस नि पोर दोन दिस तोंडात घास घेत नाय. तूबी तिकडं डोळं सुजवून बसतेस, भूपेश सांगतो ना माला. आता पेपर झाल्यावरच ये.”

त्या रविवारपासून क्षितिजाने लेकीला पाहिलं नव्हतं. भूपेश वालीवच्या वर्कशॉपमधून घरी गेला की व्हिडिओ लावायचा, पण पडद्यावरची आई बघून रेऊ फोनच चाटायची, आणि मग फोन काढून घेतला की असा टाहो फोडायची की तेही थांबलं.

जावळाचा दिवस पुतळाबाईंनी मुद्दाम परीक्षेनंतरचा धरला होता, एवढं मात्र खरं. वर्ष भरायच्या आत जावळ काढायचं, नाहीतर थेट तिसऱ्या वर्षी, ही त्या घरची रीत. सगळं जुळत होतं. आणि मग मे महिन्यात सीमेवर हल्ले-प्रतिहल्ले सुरू झाले, उरलेले पेपर पुढे ढकलले गेले, आणि नव्या तारखा आल्या तेव्हा शेवटचा पेपर नेमका जावळाच्याच दिवशी, दुपारी, मुहूर्ताच्याच वेळेला. दुसऱ्या दिवशी रेऊचा वाढदिवस. मागेपुढे सरकायला जागाच नव्हती.

म्हणूनच तिने आज फोन केला होता. “आई, मी शेवटचा पेपर सोडते. जावळाला मी हवी ना...” एवढंच म्हणाली होती. त्यावर ते उत्तर.

क्षितिजाने दोरा दाताने तोडला आणि उरलेली बाही शिवायला घेतली. टाके दिसत नव्हते. ते डोळ्यांतल्या पाण्यामुळे होतं.

* * *

जावळाच्या दिवशी सकाळीच मम्मी, पप्पा आणि पुण्याहून आलेला धाकटा भाऊ सिद्धेश जूचंद्रला गेले. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, तेव्हा सिद्धेशला तर जावंच लागणार होतं. निघताना तो दारात घुटमळला.

“ताई, फोटो काढून ठेवतो सगळे.”

“नको,” ती म्हणाली. “मला पाठवू नकोस काही.”

झबलं त्याच्याबरोबर द्यायचं, असं तिने रात्रीपासून ठरवलं होतं. ऐनवेळी दिलं नाही. तेवढं तरी आपल्या हाताने घालू... केस नसले तरी ते डोकं, ती मान, ते हात आपलेच ना!

शेवटच्या पेपराला पुस्तकं आत नेता येत होती. वसईच्या त्या कॉलेजच्या दारात, पोरं बॅगा भरभरून ग्रंथ घेऊन उभी होती, लग्नाच्या वऱ्हाडासारखी. वर्गाच्या दाराशी पिकल्या केसांच्या एक पर्यवेक्षक बाई प्रत्येकाची पिशवी उघडून बघत होत्या. क्षितिजाच्या पिशवीतून करकायद्याचे दोन जाडजूड खंड निघाले आणि त्यांच्या मधून पिवळं झबलं.

बाईंनी ते दोन बोटांत उचललं. “हे कुठल्या कलमात बसतं?”

मागची पोरं हसली. क्षितिजाने हसू आणत झबल्याकडे हात पुढे केला. बाईंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, झबल्याची घडी घातली आणि पुस्तकांमध्ये जशीच्या तशी परत ठेवली.

“केवढी आहे?”

“उद्या वर्षाची होईल.”

“जा. आधी सगळी प्रश्नपत्रिका वाच. मग लिही.”

तिने वाचली. सुरुवातीला अक्षरं नुसती किड्यांसारखी सरकत होती. आत्ता न्हाव्याने पेटी उघडली असेल... आता पाणी लावलं असेल... रेऊ रडत असेल, कुणाला शोधत असेल? मग तिला सासूबाईंचा तो वाल सोलणारा हात आठवला, न थांबणारा, आणि का कोण जाणे, त्या रागानेच तिचं पेन चालू झालं. एका कंपनीने दुसरी विकत घेतली होती, कर कुणी भरायचा, ताळेबंदात काय दाखवायचं, संचालकांची जबाबदारी कुठवर... ती लिहीत गेली. माझं लेकरू माझ्याशिवाय मुंडलंत ना? मग हा पेपर मी सोडणार नाही. एक ओळ सोडणार नाही.

घंटा झाली तेव्हा तिची बोटं ताठली होती. बाहेर उन्हं अजून झाडांच्या शेंड्यांवर होती.

फोन तिने चालू केला नाही. घरच्या ग्रुपवर आता फोटोंचा पाऊस पडला असेल. गुळगुळीत डोक्याची रेऊ मामाच्या मांडीवर, आत्याच्या कडेवर, आजीच्या खांद्यावर... सगळ्यांबरोबर. पुढच्या फाटकाशी गर्दी होती म्हणून ती मागच्या गल्लीत उतरली आणि रिक्षा केली.

जूचंद्र जवळ आलं, मिठागरं दिसू लागली, आणि तिचा धीर सुटला.

“इथेच थांबवा.”

“ताई, गाव पुढं हाय.”

“माहीत आहे. चालत जाईन.”

रिक्षा गेली. बांधावर मिठाच्या पांढऱ्या राशी पावसाच्या भीतीने पेंढ्याने झाकून ठेवल्या होत्या. दोन बायका शेवटच्या राशीवर पेंढा पसरत होत्या. खाडीकडून खारा वारा येत होता. क्षितिजा बांधावर बसली. एवढे दिवस जिच्यासाठी जीव तुटला, तिच्याच दारात जायची तिला भीती वाटत होती. ती ओळखेल का? आणि केस नसलेली, दीड महिन्याने मोठी झालेली ती... मी तरी ओळखेन का एका नजरेत? एवढं लहान पोर किती दिवस आठवण ठेवतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असतं?

ती बसून राहिली. पाण्यावरचं ऊन पिवळं झालं, मग तांबडं झालं. बायका टोपल्या घेऊन घराकडे वळल्या. सूर्य खाडीपलीकडे उतरला आणि दिसेनासा झाला, तेव्हा कुठे ती उठली.

* * *

अंगणातला मांडव अजून उभा होता. जेवणावळ आटोपून पाहुणे गेले होते. टोप, परात, पत्रावळींचा ढीग एका कडेला. मांडवात पाटावर सिद्धेश मांडी घालून बसला होता. त्याच्या समोर न्हावी, पेटी पुढ्यात घेऊन, बसल्याबसल्या डुलक्या काढत. सासरे श्रीपत मावळतीकडे बघत येरझाऱ्या घालत होते. आणि पायरीवर पुतळाबाई. त्यांच्या मांडीवर रेऊ.

रेऊच्या डोक्यावर केस होते.

सगळे केस. कपाळावर येऊ नयेत म्हणून वर घेऊन लाल फितीने बांधलेला एक शेंडा, कानांवर आलेल्या कुरळ्या बटा, तेलाने चमकणाऱ्या.

“आली बघा,” श्रीपत म्हणाले आणि हात कपाळाला लावला. “आता काय करायचा? दिवस मावळला.”

क्षितिजा मांडवाच्या खांबाशी उभीच राहिली. “जावळ... झालं नाही?”

“कसं होणार?” सिद्धेश कळवळून म्हणाला. “दुपारी यांनी पेटी उघडली आणि तुझ्या सासूबाईंनी पोर उचलून घेतली. म्हणाल्या, थांबा, हिची आई येऊंदे. तेव्हापासून मी मांडी घालून बसलोय. पाय मेले माझे, ताई. फोन का बंद ठेवलास? दाजी तिकडे कॉलेजच्या फाटकाशी उभे आहेत अजून, तुला आणायला गेलेत.”

“मी... मागच्या गल्लीतून आले.” तिने मागे खाडीकडे हात केला. “आणि मग मिठागरावर बसले. मला वाटलं, सगळं झालंय... घाई कसली करायची...”

मम्मी आतून आली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली. न्हावी जागा झाला, आकाशाकडे बघितलं, आणि काही न बोलता पेटी बंद करू लागला. दिवस मावळल्यावर केसाला हात लावायचा नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. उद्या वर्ष भरत होतं. आता थेट तिसऱ्या वर्षी.

“आई,” क्षितिजा पायरीशी खाली बसली. “तुम्ही तर म्हणालात, उंबऱ्याच्या आत घेणार नाही.”

“पेपर टाकून आलीस तर, म्हनलं.” पुतळाबाईंनी तिच्याकडे न बघता रेऊच्या शेंड्याची फीत घट्ट केली. “टाकलास का?”

“नाही. सगळा लिहिला.”

“मंग झालां.”

“मला आधी सांगितलं असतं तर... तुम्ही थांबणार म्हणून...”

“तर अर्धा लिहून पलत आली असतीस. वलखते मी तुला.”

श्रीपत पुटपुटले, “मुहूर्त गेला. घरातली रीत मोडली. लोकं काय बोलून गेली...”

“बोलूंदे.” पुतळाबाईंचा आवाज एकदम चिरला, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच क्षितिजाने तो तसा ऐकला. “भूपेशचा जावळ झाला तवा मी कुठं होती, इच्यारा ना यांना. मिठावर होती. आभाळ भरून आलतां, रास झाकाची होती, मुकादम सोडीना. सासू बोलली, तू नसलीस म्हनून रीत थांबते काय? संध्याकालची घरी आली तर अंगनात एक बोडका पोर बसलेला. मी बोलली, कोनाचा गं हा पोर? माज्याच पोराला...” त्यांनी ओठ आवळले. “सगली हसली. मी पन हसली. मंग न्हानीत जाऊन बसली.”

क्षितिजाला मिठागरावरच्या त्या दोन बायका आठवल्या, राशीवर पेंढा पसरणाऱ्या. ज्या भीतीने ती स्वतः बांधावर बसून राहिली, तीच भीती उरात घेऊन ही बाई इतकी वर्षं जगली होती, आणि आपण मात्र तिच्या छातीत दगड आहे असं धरून चाललो... तिने सासूबाईंचे पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले.

“उठ. पोर घाबरंल.”

रेऊ घाबरलीच होती. या रडणाऱ्या बाईकडे डोळे विस्फारून बघत होती. क्षितिजाने हात पुढे केले, “रेऊ... ये...” आणि रेऊने मान फिरवली, आजीच्या गळ्यात तोंड लपवलं. काळजात कुणी सुरी फिरवावी तसं झालं. पण तिने हात मागे घेतले. मागायचा तरी हक्क कुठला?

पिशवीतून तिने झबलं काढलं, नुसतं दाखवायला. पुतळाबाईंनीच ते घेऊन रेऊच्या डोक्यातून घालून बघितलं. ते शेंड्यापाशी अडलं, मग खांद्यांवर अडलं, आणि बाह्या कोपराच्या वरच राहिल्या.

“कुठल्या मापाचा शिवलास गं?” पुतळाबाई म्हणाल्या.

क्षितिजा बघत राहिली. तिने माप आठवणीतून घेतलं होतं. तिच्या मनातली रेऊ एप्रिलच्या त्या रविवारपासून वाढलीच नव्हती...

“ऱ्हाऊंदे. शिवन उसवून देते उद्या, पट्टी लावू.” पुतळाबाई पायरीवर सरकल्या. “बस इथं. नुसती बस. बोलावू नको तिला.”

क्षितिजा बसली. खांद्याला खांदा लागला. अंगणाच्या फाटकाशी भूपेशची बाइक थांबली; तो धावत आत आला आणि पायरीवरच्या त्या तिघींना बघून जागीच थांबला. तुळशीपाशी कुणीतरी दिवा लावला. रेऊ झबल्यात अडकलेल्या हातांनी आजीच्या पदराशी खेळत होती, मग खेळ मंदावला, पापण्या जड झाल्या. डोकं आजीच्या खांद्यावर कलंडलं. आणि मिटत्या डोळ्यांनीच तिचा एक हात हवेत चाचपडू लागला, आजीच्या हनुवटीवरून घसरला, पुढे आला...

क्षितिजाने श्वास रोखून मान जराशी झुकवली.

दोन इवल्या बोटांनी तिच्या कानाची पाळी धरली.

पुतळाबाईंनी हळूच, पोर जागं होऊ नये इतकं हळूच, ते झोपेचं ओझं सुनेच्या मांडीवर सरकवलं.