कोठीतली खरखर

शनिवार म्हणजे चाकणच्या त्या छोट्या कंपनीत निम्मी सुट्टीच. जयमाला त्या दिवशी आली होती ती एका किरकोळ कामासाठी. सोमवारी लष्कराचे अधिकारी गाडी बघायला यायचे होते, त्याआधी छतावरच्या अँटेना एकदा तपासून घ्यायच्या, एवढंच. दुपारपर्यंत आटपेल, मग थेरगावला घरी जाऊन वाळवणाचं बघू, असा तिचा बेत होता.

काम तिच्या हातचं होतं. लष्कराचा ताफा रस्त्यानं निघाला की पुढच्या गाडीवर या काळ्या, पुरुषभर उंचीच्या अँटेना उभ्या असतात. रस्त्याकडेला कुणी सुरुंग पेरून, लांब बसून रिमोटचं बटण दाबायच्या तयारीत असेल, तर त्याचा इशारा सुरुंगापर्यंत पोचूच द्यायचा नाही, हे त्यांचं काम. हवेत इतका गोंगाट भरून टाकायचा की रिमोट, वायरलेस, मोबाइल सगळे बहिरे. कंपनीचे मालक निरंजन सर नव्या माणसाला छाती फुगवून सांगत, "गाडी पुढं सरकते ना, तशी तिच्याभोवतीची शांतता पण सरकते."

पण हा गोंगाट उघड्यावर सोडता येत नाही, नाहीतर अर्ध्या चाकणचे फोन बंद पडायचे. म्हणून शेडच्या मागं एक खोली होती. भिंती लोखंडी, आतून निळ्या स्पंजाच्या सुळक्यांनी मढवलेल्या. आतलं बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही. कागदोपत्री तिला लांबलचक नाव होतं. सगळे म्हणत 'कोठी'. कोठीत बोललेला शब्द ओठांपुढंच गळून पडायचा. दार लागलं की पहिल्यांदा स्वतःचा श्वास ऐकू यायचा, मग कानशिलातलं रक्त. नव्या रंगाचा आणि तापलेल्या रबराचा वास नाकात बसायचा. नवीन माणसं तिथून लवकर बाहेर पडत. जयमालाला मात्र ती आवडायची. "घरी सासूबाईंचा टीव्ही, इथं कंपनीच्या प्रेस मशिनींचा दणदणाट. तासभर तरी कान थंड होतात," ती म्हणायची.

कोठीत उभ्या केलेल्या गाडीत मारुतराव बसले होते. राजगुरुनगरकडच्या जुन्या शेतकरी घरातले, लष्करात ड्रायव्हरी करून निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे. त्यांनी जॅमरचा, म्हणजे त्या गोंगाटाच्या यंत्राचा, खटका दाबला. जयमालानं वायरलेसचा हँडसेट कानाशी धरला. त्यातून नुसती खरखर यायला हवी. दुसरं काही आलं तर अँटेना कुठंतरी कमी पडते, असा हिशोब.

खरखर आली. लाह्या फुटाव्यात तशी, सलग. आणि मग त्या खरखरीच्या आतून एक बाई स्पष्ट म्हणाली, "अहो, मीठ केवढं घातलंय यात!"

जयमालानं हँडसेट कानापासून लांब धरला. "कुणाचं तरी लागलं वाटतं मधी. दार नीट लागलं नाही का हो?"

मारुतराव तिच्याकडे बघतच राहिले. "ताई, आवो… ह्यो तर तुमचाच आवाज हाय."

"माझा कसा असंल? मी तर गप उभी हाय."

"तेच म्हंतोय मी."

दोघांनी दार तपासलं, पुन्हा लावलं. खरखर, नुसती खरखर. शेवटी भूक लागली म्हणून दोघं बाहेर पायरीवर जेवायला बसले. मारुतरावांनी त्यांच्या डब्यातलं पिठलं तिच्या भाकरीवर वाढलं. तिनं घास तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले.

"अहो, मीठ केवढं घातलंय यात!"

बोलून गेली आणि तिचा हात हवेतच थांबला. मारुतरावांच्या तोंडातला घास तसाच राहिला. बाहेर ऊन रणरणत होतं, रस्त्यावरून ट्रेलर घरघरत जात होते. आधी मारुतराव हसले, मग ती. पण जरा जास्तच वेळ हसले दोघं, आणि हसून झाल्यावर एकमेकांकडे बघायचं त्यांनी टाळलं.

निरंजन सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "जयमाला, उन्हाचं ताक पीत जा जरा." पण अँटेना कमी पडते म्हटल्यावर मात्र तडक उठले. कंपनीची ही पहिलीच मोठी ऑर्डर. ती गेली तर शेडला कुलूप, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर स्वतः जयमालाला घेऊन कोठीत शिरले, दार लावलं, खटका दाबून कान देऊन उभे राहिले.

खरखर… आणि मग जयमालाचा आवाज, हसू दाबत, "सर, मुंगळा! कॉलरवर मुंगळा!"

सरांनी चमकून तिच्या ओठांकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. त्यांनी खटका बंद केला. बाहेर आल्यावर म्हणाले, "हे बघ, सोपं आहे. तू बोलायचंच नाही. तू बोलली नाहीस की हे सगळं खोटं."

जयमालानं ओठ घट्ट मिटून घेतले. टेबलाशी तिघं बसले. आणि खरंच, सरांच्या खांद्यावरून एक टपोरा मुंगळा डौलात चालत आला. जयमाला बघत होती. मारुतरावही बघत होते, पण त्यांनी शपथ घातल्यासारखे डोळे छताला लावले. मुंगळा कॉलरवर चढला, थांबला, मिशा हलवल्या आणि सरांच्या मानेत उतरायला लागला.

"सर, मुंगळा! कॉलरवर मुंगळा!"

सर ताडकन उठून शर्ट झटकत नाचायला लागले. मारुतराव पोट धरून हसले. जयमालाही हसली, पण आतून गार पडली होती. तिनं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तरी शब्द आले होते, जसेच्या तसे.

"शेवटचं एकदा," सर म्हणाले. आता त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

तिघं आत गेले. दार बंद. खटका. खरखर बराच वेळ चालली. जयमालानं हँडसेट दुसऱ्या कानाला लावला. काहीच येत नाही असं वाटून मारुतरावांनी खटक्याकडे हात नेला, आणि तेवढ्यात ती किंचाळली. ती नव्हे, हँडसेट.

"मारुतराव! लाथ मारा… दाराला लाथ मारा! मारुतराव!"

कोठीत आवाज घुमत नाही. ती किंकाळी पण घुमली नाही. नुसती आली आणि स्पंजात जिरून गेली. ते जास्त वाईट होतं.

बाहेर येताच सरांनी खिशातून फोन काढला. मग सर म्हणाले, "सोमवारची चाचणी रद्द करतो. फोन करून सांगतो, काहीतरी कारण…"

"कशापायी?" मारुतराव म्हणाले. "आन् ऑर्डर?"

"मारुतराव, आत तुम्ही असणार आहात."

"व्हय, मीच असनार. सर, फौजेत कवा बी रस्त्यात काय हाय ते आधी कुनी सांगितलं न्हाई. हितं तर ताईंनी सांगून टाकलंय. लाथ मारायची. येवढंच ना?"

त्यांच्या त्या थंड सुरानं जयमालाला रागही आला आणि रडूही. "चेष्टा लावलीय का तुमी? मी नाही होऊ देणार," ती म्हणाली. शेवटी तडजोड झाली. दाराची आतली जड कडी त्याच संध्याकाळी काढून टाकली, तिच्या जागी आतून दणका दिला की सुटेल असा साधा खटका बसवला. आग विझवायचे सिलिंडर दाराशी आणून ठेवले. गाडी तोंड दाराकडे करून उभी केली.

सोमवारी लष्कराचे साहेब आले; उंच, शिस्तीचे, चहाला नको म्हणणारे. मारुतराव कोठीत गाडीत बसले. बाकीचे बाहेर, कॅमेऱ्याच्या पडद्यापुढं. शब्द बाहेर पडूच नयेत म्हणून जयमालानं तोंडात सुपारी धरली होती. जॅमर सुरू झाला. साहेबांनी पडद्यावरचे आकडे पाहिले, मान डोलावली. "बढिया."

आणि पडदा पांढरा झाला.

आधी वाटलं कॅमेरा बिघडला. मग दाराच्या फटीतून जळक्या स्पंजाचा कडवट, घसा धरणारा वास आला. जॅमरला वीज पुरवणारा डबा पेटला होता. सर दाराकडे धावले, बाहेरची मूठ ओढायला लागले. तापून ती अडकली होती. जयमालाच्या तोंडातली सुपारी कधी पडली ते तिला कळलंच नाही.

"मारुतराव! लाथ मारा… दाराला लाथ मारा! मारुतराव!"

आतून धाडकन आवाज झाला. दार उघडलं आणि धुराच्या लोटासोबत मारुतराव कोलांटी खात बाहेर आले. साहेबांनी स्वतः सिलिंडर उचलून आत फवारा मारला. धूर निवला तेव्हा मारुतराव जमिनीवर बसून खोकत होते, आणि त्यांची एका बाजूची मिशी पार जळून गेली होती.

"माझी हाक ऐकली ना तुमी?" जयमाला रडत, हसत विचारत होती.

"न्हाई ओ ताई. आत काय बी ऐकू येत न्हाई. धुरात दार कुठं, गाडी कुठं, काय कळंना. पर शनिवारी ऐकली व्हती ना!"

साहेबांना त्यातलं काही उमगलं नाही. पण अँटेनांनी काम चोख केलं होतं, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. विजेचा डबा बदला आणि पुन्हा बोलवा, असं सांगून, या वेळी चहा घेऊनच ते गेले. डबा बदलला, पुढची चाचणी विनाविघ्न पार पडली, ऑर्डर पक्की झाली. त्या दिवशी सर्वांना मिसळ मिळाली. मारुतरावांनी उरलेली मिशीही उतरवली होती. कंपनीतल्या पोरी त्यांना "नवरदेव" म्हणत होत्या आणि ते लाजत होते. जयमालाइतकं त्या दिवशी कुणी हसलं नसेल.

मिसळ झाल्यावर कोठीतली गाडी बाहेर काढायची होती. त्याआधी जॅमर बंद झालाय ना, हे बघायला जयमाला आणि मारुतराव आत गेले. हँडसेट सीटवर पडला होता. खरखर चालूच होती. मारुतरावांनी खटका बंद केला. खरखर थांबली. आणि त्या स्वच्छ शांततेत, जॅमर बंद असताना, जयमालाचा आवाज आला. घाबरलेला नाही. दारात पाहुणी आल्यावर बाईमाणूस बोलतं तसा, मायेचा.

"अगंबाई, केवढ्या भिजलात! या ना, आत या."

मारुतरावांनी हँडसेटची बॅटरी काढून खिशात घातली. मग हळूच म्हणाले, "ताई… येवढं वाक्य बोलू नका. काय बी होऊ दे."

त्या गोष्टीला वर्ष झालं. जयमालाचं बरं चाललंय. पगार वाढला, हाताखाली दोन माणसं आली. फक्त दारात कुणी आलं की ती नुसती मान हलवते, हातानं खुर्ची दाखवते. "आत या" म्हणत नाही. सासूबाई म्हणतात सुनेला मोठेपणा चढला. ती हसून सोडून देते. पावसाळ्यात तर ती दार उघडायलाच जात नाही. आता मे महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही, म्हणून जरा निर्धास्त होती.

परवा संध्याकाळी तिचा नवरा ज्ञानेश कामावरून आला. दार सताड उघडं टाकून, भिंतीला टेकून बूट काढता काढता म्हणाला, "अगं, जिन्यात त्या बाई कोण उभ्या आहेत? तुझ्या कंपनीतल्या का? नखशिखांत भिजल्यात बघ. मी म्हटलं, चला ना आत. तर म्हणाल्या, तुमच्या मिसेस बोलावतील तेव्हा येईन."

जयमालानं दोन्ही तळहात तोंडावर दाबून धरले. जिन्यातून पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता, सावकाश, जवळून.

ज्ञानेशला तिच्या त्या ध्यानाचं हसूच आलं. "अशी काय बघतेस?" तो म्हणाला. "बोलाव की!"