काळदऱ्याची राखण

पूर्वेला उजाडू लागले तशी सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या एकावर एक चढलेल्या पायऱ्या एकेक करून उजळत गेल्या. त्यांच्या कुशीतले आंबवण खोरे मात्र अजून धुक्याखाली गाढ निजले होते. पठारावरून तोफा आणि घोडी घेऊन या खोऱ्यात उतरायला वाट एकच, काळदऱ्याची खिंड. दोन्ही बाजूंस ताशीव कडे आणि मधे गाडा जेमतेम जाईल एवढी फट. तिची राखण पिढ्यानपिढ्या गोड्यांच्या घराण्याकडे होती, आणि त्या पहाटे लुमाजी नाईक गोडे आपल्या मूठभर कोळी जवानांनिशी तिच्या तोंडाशी उभा राहून पठारावर पसरलेल्या खानाच्या बादशाही फौजेच्या राहुट्या न्याहाळत होता.

तोच खोऱ्याच्या बाजूने घोडा दौडत आला. देशमुख हैबतरावांचे कारभारी त्रिंबकपंत खाली उतरले.

"नाईक, खिंड मोकळी करा. सरकारांचा हुकूम आहे."

"मोकळी? पंत, गनीम समोर उभा आहे!"

"म्हणूनच. खानसाहेबांशी बोलणे झाले. देशमुखी सरकारांकडे कायम. फौज खोऱ्यात उतरेल, दाणागोटा आणि गुरे घेईल आणि दक्षिणेला निघून जाईल."

"आन् माणसं?"

पंतांनी उपरण्याने कपाळ पुसले. "ओझी वाहायला खानाला माणसे लागतीलच. नेईल तेवढी नेईल. खोरे पुन्हा वसवता येते, नाईक. गेलेले वतन परत येत नाही."

"गावांत दवंडी दिलीत?"

"दिली असती तर मागे राहिले असते कोण?"

ज्या घराच्या अन्नावर लुमाजी वाढला, ज्या घरासाठी त्याच्या बापाने रणात देह ठेवला आणि ज्या घरातून आलेला शब्द त्याने आजवर कधी खाली पडू दिला नव्हता, त्याच घराने धुक्याखाली निजलेली ती गावे लेकराबाळांसकट विकून टाकली होती. मग तो धाकट्या भावाकडे वळला.

"धावजी, पंतांना त्या कपारीत बसव. मान राख, पण सोडू नको. आन् दोघांना गावोगाव पिटाळ. बियाणं, गुरं, जे हाताला लागंल ते घेऊन पश्चिमेच्या नाळेच्या उभ्या पायवाटेनं कोकणात उतरा म्हणावं. शेवटचं माणूस उतरलं की नाळेच्या माथ्यावर धूर करा."

"नाईक, हा फितवा आहे!" पंत ओरडले.

"असंल. सरकारांपुढं उभा राहून जाब देईन. पण आज न्हाई."

करार झाल्याच्या भरवशावर खानाची आघाडी बेसावध आत शिरली आणि वरून धोंड्यांचा लोंढा सुटला. घोडी उधळली, वाट बुजली. मग तोफा डागल्या गेल्या, कडे हादरले. खानाचे हशम, पायदळाचे शिपाई, धोंड्यांवरून चढू लागले आणि गोफणी, तिरकामठे, कोयते यांनी कोळ्यांनी त्यांना पुन्हा पुन्हा मागे रेटले. दुपार कलली तेव्हा धावजीच्या छातीत गोळी लागली. "दादा, धूर झाला का?" एवढेच त्याने विचारले. धूर दिसला तेव्हा तो थंड पडला होता. लुमाजीने त्याला तिथेच दगडांखाली झाकले, पंतांना मोकळे सोडले आणि उरलेल्या चौघांना घेऊन रान गाठले.

खानाला रिकामी घरे मिळाली. चिडून त्याने ती जाळली आणि तो पुढे गेला. पण जाताना नाईकाचे शीर मात्र त्याने हैबतरावांकडून कबूल करून घेतले.

उन्हाळा सरत आला तसा देशमुखांचा कौल कोकणात पोहोचला : खुशाल परत या, जमिनी तुमच्याच, फक्त लुमाजीला हवाली करा. त्यानंतर एका सकाळी आंबवणचे पाटील रखमाजी काही बायामाणसे घेऊन कोकणातल्या रानात लुमाजीच्या खोपीपाशी आले.

"नाईक," पाटील म्हणाले, "पेरण्या तोंडावर आल्यात."

लुमाजीने त्यांच्याकडे पाहिले. मागे उभ्या बायकांपैकी एकीच्या कडेवर पोर होते. तिने पदर तोंडावर ओढला. आतून त्याची बायको साळू धावत आली, तिला त्याने हातानेच थोपवले आणि दोन्ही मनगटे पुढे केली.

सदरेवर हैबतराव त्याच्या नजरेला नजर देऊ शकले नाहीत. "लुमाजी, तुझ्या बापाने आमच्यासाठी जीव दिला, आणि तू आम्हांस खानापुढे खोटे पाडलेस! काय म्हणणे आहे तुझे?"

"सरकार, माणसं तुमचीच होती."

देशमुखांनी त्याचे शीर खानाकडे रवाना करण्याचा हुकूम दिला. हुकमाची तामिली पाहायला सारे खोरे बोलावले होते. सारे आले, आणि खाली मान घालून उभे राहिले.

लुमाजीच्या नाईकीचे इनाम रखमाजी पाटलांच्या नावे झाले. त्या साली नाचणी उदंड आली. पाटलीणबाईंनी सूपभर नाचणी साळूच्या दारी पाठवली. साळूने सूप उचलले, भर गावातून चालत पाटलांच्या वाड्यापाशी आली, उंबऱ्यावर सगळा दाणा ओतला, सूप उपडे ठेवले आणि माघारी फिरली. उतरत्या उन्हात बायका दाराआड उभ्या होत्या. तिला हाक मारायला एकीचेही तोंड उघडले नाही.